सतरा नंबरची पेटी

सुनेने हा धंदा काढला तेव्हा पहिल्या दिवसापासून मला भीती वाटत होती. मी ती बोलूनही दाखवली. कुणी मनावर घेतलं नाही.

आम्ही तेव्हा अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये कोपऱ्यावरच्या एका भाड्याच्या घरात राहत होतो. मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत, कंपनीने काढलेल्या परमिटवर. सुनेचं कार्ड मुलाच्या परमिटवर. मी विधवा, मुलगा एकुलता एक, वय झालेलं, म्हणून मलाही त्याच्याजवळ राहायचं कार्ड मिळालं होतं. तेही त्याच्याच जिवावर. एका खुंटीला तिघांचे कपडे. खुंटी निखळली की सगळेच खाली, एवढं मला चौथी शिकूनही कळत होतं. तिथे कर खात्याचं पाकीट निळं असतं. ते दारात पडलं की मी त्याला हात लावत नसे. मुलगा संध्याकाळी येऊन उचलेपर्यंत ते तसंच पायपुसण्यावर पडलेलं.

सून इंजिनिअर. पण डच येत नाही म्हणून तिला कुणी नोकरी देईना. घरात बसून बसून ती भांडी आपटायला लागली होती. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे पूर्वीचं केस कापायचं दुकान. रस्त्याकडे मोठी काच, वेगळं दार, दाराला टपाल टाकायची फट. आम्ही तिथे सायकली आणि कांदे ठेवायचो. एक दिवस सून म्हणाली, "आई, इथे टपालपेट्या भाड्याने देऊ या."

"लोक आपलं टपाल आपल्या घरी का घेत नाहीत?"

"सगळ्यांना घर असतं का?"

मग तिने मला समजावलं. त्या देशात पत्त्यावाचून माणसाचं पान हलत नाही. बँकेचं कार्ड टपालाने येतं, त्याचा गुप्त आकडा दुसऱ्या टपालाने येतो. आपली शिकायला आलेली पोरं दर दोन-चार महिन्यांनी खोली बदलतात. नोकरीला आलेले चार-चार जण एका घरात राहतात आणि घरमालक दारावर नाव लावू देत नाही. त्यांची पत्रं गहाळ होतात. त्यांना आपला पत्ता द्यायचा, पुढे पेटीचा नंबर घालायचा. सगळं टपाल आपल्या दारात पडणार, आपण ते ज्याच्या त्याच्या पेटीत टाकणार, तो किल्ली घेऊन येणार आणि घेऊन जाणार. नोंदणी, कागदपत्रं तिने सगळं केलं. कुठला तरी पोहण्याचा तलाव बंद झाला होता, तिथली छोटी कपाटं तिने स्वस्तात आणली. पोहणारे लोक घड्याळ, पाकीट ठेवतात ती. लोखंडी, तीस दारांची. प्रत्येक किल्लीला मनगटात अडकवायचा रबरी पट्टा. कितीही पुसली तरी त्या कपाटांना तलावातल्या औषधाचा वास येत राहिला.

पहिलं गिऱ्हाईक होतं बोटीत राहणारा एक डच म्हातारा. मग आपली पोरं यायला लागली. भारतीय वाणसामानाच्या दुकानात सुनेने चिठ्ठी लावली होती.

सून सकाळी डच शिकायला जायची. टपाल त्याच वेळी यायचं. म्हणून ते लावायचं काम माझं. नाव मला वाचता येत नसे, पण इंग्रजी आकडे येत होते. पाकिटावरचा नंबर बघायचा आणि त्या पेटीत सोडायचं. पुण्याला हडपसरला आमची पिठाची गिरणी होती. मालक गेल्यावरही मी ती बारा-तेरा वर्षं चालवली. तिथेही तेच. ज्याचा डबा त्याचं पीठ. कुणाच्या ज्वारीत किडे आहेत, कुणाचे गहू रेशनचे आहेत, सगळं मला दिसायचं. कुणाचं कुणाला बोलले एकदाही नाही. बोलले असते तर गिरणी बंद पडली असती.

सून म्हणाली, "आई, कुणाचं काय आलं, कोण घेऊन गेलं, हे कुणाला सांगायचं नाही. बापाला मुलाचं नाही, नवऱ्याला बायकोचं नाही."

"नवऱ्यालासुद्धा नाही?"

"नवऱ्याला तर नाहीच नाही."

मला हसू आलं. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

सतरा नंबरची पेटी एका मुलीने घेतली. आपल्याकडचीच, लग्न होऊन दीड-दोन वर्षं झालेली. मंगळवारी सकाळी यायची. हातात नेहमी सुपरमार्केटची पिशवी, आत दूध आणि पाव. तेवढं आणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच तिला इथे येऊन परत जायचं असे. धावत यायची. पेटी उघडायची, रिकामी बघायची, बंद करायची. किल्ली पट्ट्यासकट ब्लाउजमध्ये खोचायची. माझं तोंड गप्प बसत नाही. दोन-तीन मंगळवार बघितलं आणि विचारलं, "नवरा मारतो का गं?"

"नाही आजी. हातसुद्धा लावत नाही."

"मग एवढी कशाला घाबरतेस?"

तिने रस्त्याकडे बघितलं. मग उभ्या उभ्या सांगितलं. ती जंतूंचं शिकलेली, एम.एस्सी. झालेली. नवऱ्याने तिचा पासपोर्ट स्वतःच्या ऑफिसच्या खणात कुलपात ठेवला होता. घरी आलेलं तिचं प्रत्येक पत्र तो आधी फोडायचा. फोनचं बिल घेऊन एक-एक नंबर विचारायचा, हा कुणाचा, हा कुणाचा. आता त्याने तिला सांगितलं होतं, पाडवा झाला की माहेरी जाऊन राहून ये.

"मग जा की. माहेरी जायला काय झालं?"

"परतीचं तिकीट नाही काढलेलं, आजी. त्याच्या आईने माझ्या आईला फोन करून सांगितलंय, तुमची मुलगी आता तुमच्याकडेच ठेवा. ते माझ्या आईने मला सांगितलं. त्याला वाटतं, मला माहीत नाही."

तो टूरवर गेला असताना ती आगगाडीने एका विद्यापीठात जाऊन मुलाखत देऊन आली होती. तिथल्या प्रयोगशाळेत तिला घेणार होते. नोकरीचा कागद टपालाने येणार, तिने सही करून परत पाठवायचा, मग विद्यापीठ तिच्या नावाने परमिट मागणार. तो कागद आला तर ती स्वतःच्या पायावर तिथे राहणार. नाही आला किंवा नवऱ्याच्या हातात पडला, तर पाडव्यानंतर विमानात बसणार आणि तिचं तिथलं सगळं संपणार.

"आजी, मोठं पाकीट असेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून फटीतून टपाल पडल्याचा आवाज आला की माझ्या छातीत धडधडायला लागलं. कागद दुसऱ्याचा आणि धडधड मला.

संक्रांत आली. सुनेने हळदीकुंकू केलं. पुण्याहून येताना तिने वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, आणि आपल्याकडे करतात तसं दुकानातच मशिनने त्यांच्यावर आमचं आडनाव घालून घेतलं होतं. नाव नसलेलं भांडं आपल्याकडे कोण देतं? त्या आठवड्यात सतरा नंबरची नेहमीसारखी धावत आली, तेव्हा सून घरी होती. तिने मुलीला आत ओढली. हळदकुंकू लावलं, तिळगूळ दिला, हातात वाटी ठेवली.

"नको हो वहिनी, राहू दे."

"सवाष्णीने वाण नको म्हणायचं? काहीतरीच तुझं!"

तिने वाटी पिशवीत टाकली. पुढच्या मंगळवारी तिच्याकडूनच कळलं, ती वाटी फेकायला तिचा हात झाला नाही. वाण फेकायचं कसं? म्हणून घरच्या वाट्यांत मिसळून ठेवली. किल्ली लपवली, सगळं लपवलं, आणि वाटी मांडणीवर राहिली. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. सून क्लासला गेलेली. दार वाजलं. तिशी-बत्तिशीचा एक माणूस, नीटनेटका कोट, चष्मा, पायात पॉलिश केलेले बूट. आत आला आणि थेट वाकून माझ्या पायाला हात लावला. तिथे कुणी असं केलं की मन भरून येतं. मी आशीर्वाद दिला. मग त्याने कोटाच्या खिशातून वाटी काढून टेबलावर ठेवली.

"ही तुमची ना, काकू?"

मी वाटी ओळखली.

"आमच्या मिसेस जरा विसरभोळ्या आहेत. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या ते आठवत नाही म्हणतात. मग काय, आडनाव वाचलं आणि विचारत विचारत आलो. इथे आपली माणसं ती किती!" तो हसला. मग मान वळवून कपाटांकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. "आणि हे काय हो? टपालपेट्या? छान. आमच्या मिसेसची पण आहे का एखादी?"

"मला इंग्रजी वाचता येत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"आकडे येत असतील की."

मी वाटी उचलून पदराने पुसायला लागले.

"घरात धंदा करायला इथे खेमेंटेची परवानगी लागते, काकू. नगरपालिका हो. फार कडक आहेत हे लोक. तुमचे चिरंजीव कुठल्या कंपनीत आहेत, मला माहीत आहे. परमिट कंपनीच्याच नावावर असेल ना?" हे सगळं तो इतक्या गोड आवाजात बोलत होता की बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, माझा भाचा आलाय. जाताना पुन्हा पाया पडला. मी दाराला कडी लावली आणि मोरीत जाऊन बसले.

संध्याकाळी घरात भांडण झालं. मुलगा म्हणाला, "उद्यापासून बंद. सगळ्यांना किल्ल्या परत मागा."

सून म्हणाली, "त्या मुलीचं पत्र यायचं आहे. ते येईपर्यंत नाही."

"आणि माझ्या कंपनीत त्याने काही कळवलं तर? आपण तिघं उद्या रस्त्यावर."

"तिला तर तो विमानातच बसवतोय."

"तू तिची कोण लागतेस?"

"मीच वाटी दिली ना तिच्या हातात."

मी मुलाच्या बाजूने होते. मी सुनेला म्हटलं, दुसऱ्याच्या संसारात हात घातला की आपले पोळतात, बंद कर. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि जेवणावरून उठून गेली. बायकोपुढे मुलाचं फार चालत नसे. धंदा चालू राहिला, आणि भीतीही.

त्यानंतरच्या मंगळवारी मुलगी आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. मी काचेजवळ खुर्ची ओढून बसायला लागले, म्हणजे रस्त्यावरून येणारा माणूस आधी दिसेल. मग वाटायचं, त्यालाही मी आधी दिसणार. खुर्ची मागे घ्यायचे. दिवसभर खुर्चीची ये-जा. सुनेने मला पोलिसांचा नंबर शिकवला, एक-एक-दोन. नंबर फिरवता आला असता, पण पोलीस आले तर त्यांना काय सांगणार? पाव, दूध आणि आभारी आहे, एवढंच डच माझ्याजवळ होतं.

सतरा नंबरच्या पेटीत मी एक काम केलं होतं. दारात पडणारे पिझ्झाचे आणि गालिच्यांचे जाहिरातीचे कागद तिच्यात घालून ठेवले. का, ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं. रिकामी पेटी बघणाऱ्याला संशय येतो असं काहीतरी डोक्यात होतं.

मोठं पाकीट आलं ते एका बुधवारी. पांढरं, जाड, फटीत अडकून बसलेलं. मी ओढून काढलं. सतरा. मी ते हातात घेऊन उभी राहिले. पेटीत टाकायचं की आत नेऊन ठेवायचं, एवढा विचार होईपर्यंत काचेपलीकडे कोट दिसला. दाराला कडी नव्हती, कारण बोटवाला म्हातारा नुकताच येऊन गेला होता. मी पाकीट खुर्चीवर टाकलं आणि त्याच्यावर बसले.

तो आत आला. वाकून नमस्कार केला. त्याच्या मनगटात रबरी पट्टा होता. किल्लीवर नंबर कोरलेला. वाचायला जवळ जायची गरज नव्हती.

किल्ली त्याच्या हाताला आहे म्हणजे ती तिच्याजवळ नाही. तिच्या अंगावरून काढून घेतली. मग तिचं काय केलं?

"कशा आहात, काकू?"

"बरी आहे."

त्याने सतरा नंबर उघडला. कागद बाहेर काढले, एक-एक उलटून बघितला. पिझ्झा, गालिचे, पुन्हा पिझ्झा. आत हात घालून चाचपलं. मग समोरच्या स्टुलावर येऊन बसला. आमच्या मध्ये एक टेबल.

"आजचं टपाल आलं का?"

"आलं. लावलं."

"एवढंच?"

"एवढंच."

तो बसून राहिला. मीही. पाकिटाचा कोपरा मला टोचत होता. ते दुमडेल, फाटेल, त्यातल्या कागदावर सुरकुती पडेल आणि ते लोक घेणार नाहीत, असलं काहीबाही मनात येत होतं. लघवीला लागली होती. उठायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने तो हसून म्हणाला, "काकू, आज पाणीसुद्धा विचारलं नाहीत."

हे त्याने बरोबर पकडलं. आपल्याकडे वैरी आला तरी पाणी विचारतात. उन्हातून आलेल्या गिऱ्हाइकाला मी गिरणीवर आधी तांब्या द्यायचे, मग डबा घ्यायचे. आणि आता उंबऱ्याच्या आत आलेल्या माणसासमोर मी दगडासारखी बसले होते.

"गुडघे धरलेत," मी म्हटलं. "आत नळ आहे. पेला घे आणि पी."

"तुम्ही दाखवा ना कुठे आहे ते. चला, मी हात देतो." आणि त्याने खरोखर हात पुढे केला. माझ्या दंडाला धरलं. घट्ट नाही, पण धरलं.

मला त्या क्षणी एकच सुचलं. मी त्याच्यावर ओरडले. गिरणीचा पट्टा चालू असताना त्याच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून ओरडायचे, तसं. "हात काढ! म्हातारीला उठवतोस? आईने हेच शिकवलं का तुला? पाणी पाहिजे तर पी, नाहीतर चालता हो!"

त्याने हात काढला. रस्त्यावरून कुत्रा फिरवणारी एक डच बाई जात होती, ती थांबून काचेतून आत बघायला लागली. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, हसला, आणि कोटाची बटणं लावली.

"रविवारी पाडव्याच्या कार्यक्रमाला या, काकू. मीच निवेदन करतोय. मिसेस पण असतील, भेट होईल. मग मंगळवारी त्या माहेरी जायच्या आहेत. कितीतरी दिवसांनी."

तो गेल्यावर उठायला गेले तर खरंच गुडघे धरले होते. पाकीट कोमट झालं होतं. मी ते तांदळाच्या डब्यामागे ठेवलं, मग काढलं, माझ्या अंथरुणाखाली ठेवलं, तिथूनही काढलं. शेवटी सून येईपर्यंत पदराखाली धरून बसले.

सुनेने पाकीट बघितलं. फोडलं नाही. दोघी स्वयंपाकघरात बसलो. मुलगी कुठे राहते ते माहीत नाही. माहीत असतं तरी तिथे जायचं कसं? तेव्हा सून म्हणाली, "माहेरी चालली म्हणतोय ना तो? मग तिची ओटी भरायला नको का?"

रविवारी पाडव्याच्या कार्यक्रमात ती भेटणारच होती.

ओटी मी भरायची नाही. मी विधवा. मी भरली असती तर त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईने वळून बघितलं असतं. म्हणून ओटी सुनेने भरायची आणि ताट मी धरायचं, असं ठरलं. सुनेने ट्रंकेतून जरीकाठी खण काढला. पाकीट उभं दुमडलं, खणाच्या घडीत घातलं आणि वरून दोऱ्याचे चार टाके घातले, सुटू नये म्हणून. मुलाला आम्ही काही सांगितलं नाही. त्याने नारळ कशाला म्हणून विचारलं. सून म्हणाली, सण आहे.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. खुर्च्या लावलेल्या, स्टेजवर गुढी, मागे स्वयंपाकघरात बायका पुऱ्या तळत होत्या. तो स्टेजवर माइक घेऊन उभा. जाकीट घातलेलं. काय बोलत होता! लोक पोट धरून हसत होते. मीसुद्धा हसले असते, इतका चांगला बोलत होता. मुलगी तिसऱ्या रांगेत कडेला बसलेली, त्याच्या नजरेसमोर. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली. आम्हाला बघितलं आणि तिने मान खाली घातली.

मी ताट पोटाशी धरलं. सून पुढे, मी मागे. रांगेपाशी पोचलो तेव्हा स्टेजवरून माइकमध्ये आवाज आला, "अहो वहिनी, ओटीचा कार्यक्रम जेवणानंतर हं! आधी बक्षीस समारंभ!"

सगळा हॉल हसला. सून जागच्या जागी थांबली. मी मागून तिला कोपराने ढोसलं.

ती वळली. स्टेजकडे बघून मोठ्याने म्हणाली, "तुमची बायको माहेरी निघालीय, भाऊजी. बक्षीस तिला नको का?"

पुन्हा सगळे हसले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने टाळ्या वाजवल्या. माइक हातात असलेला माणूस अशा वेळी काय म्हणणार? तोही हसला. पण त्याची नजर ताटावरून हलली नाही. सुनेने मुलीला हळदकुंकू लावलं. मुलीने पदर पसरला. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि खण. खण पडताच पदर जड झाला आणि मुलीने वर बघितलं. तिला कळलं. "पुऱ्या तळायला मदत कर जरा," सून तिला म्हणाली, "आत हात कमी आहेत."

ती आत गेली, मागोमाग सून. तो स्टेजवर बक्षिसांची नावं वाचत होता, वाचता वाचता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. मी दारात खुर्ची टाकून बसले. म्हातारी दारात बसली की तिला ओलांडून कोण जाणार? तो आलाच तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. पुन्हा ओरडायचं, एवढंच होतं माझ्याजवळ.

आत तेलाच्या धुरात तिने टाके दातांनी तोडले. ओट्यावरच सही केली. पाकिटात परतीचं पाकीट होतंच, पत्ता छापलेलं. ते सुनेच्या पर्समध्ये गेलं, आणि घरी जाताना वाटेतल्या टपालपेटीत. मुलीने माझ्यासमोर श्रीखंडाची वाटी आणून ठेवली आणि परत तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. मी ते श्रीखंड खाऊ शकले नाही.

मंगळवार आला. विमान संध्याकाळचं होतं, एवढं सुनेला कुणीतरी सांगितलं होतं. कागद गेला होता, पण मुलगी त्याच्याच घरात होती आणि पासपोर्टही त्याच्याचजवळ. माझ्या मनात पक्कं झालं होतं की ती विमानात बसली. रात्री मी सुनेला म्हटलंसुद्धा, आपण उगीच जीव धोक्यात घातला.

बुधवारी सकाळी कडी घातलेली होती. तो काचेसमोर येऊन उभा राहिला. कोट नाही, दाढी वाढलेली. दोन्ही तळहातांनी काचेवर मारलं. मी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी. काच फुटणार असं वाटलं.

"कुठे आहे ती?" तो ओरडला. "काकू, कुठे आहे ती?"

तेव्हा मला कळलं की ती विमानात बसली नाही. त्यानेच सांगितलं मला. आणि मी तिथे उभी, काच हादरतेय, आणि आत कुठेतरी एकदम मोकळं वाटलं. भीती गेली नाही. दोन्ही एकदमच होतं.

"मला माहीत नाही," मी आतून म्हटलं. हेही खरं होतं. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. समोरच्या घरातला माणूस बाहेर येऊन त्याच्याकडे बघायला लागला. तो थोडा वेळ काचेला कपाळ टेकून उभा राहिला. मग मनगटातला पट्टा काढला, किल्ली फटीतून आत टाकली आणि निघून गेला. तो रडत असेल. मी बघायला पुढे गेले नाही.

त्याने तक्रार केलीच. खेमेंटेचा एक माणूस आला, कपाटं मोजली, घरमालकाचा कागद मागितला, सुनेने तो मिळवून दिला. त्या आठवड्यात मुलाला आणि मला झोप नव्हती. पण पुढे काही झालं नाही.

मुलीची खबर सुनेला लागली ती उन्हाळ्यात. विमानतळावर त्याने पासपोर्ट हातात दिल्यावर ती बायकांच्या मोरीत गेली आणि दुसऱ्या दाराने निघून विमानतळाखालच्याच स्टेशनवर आगगाडीत बसली. प्रयोगशाळेतल्या कुणीतरी तिला राहायला जागा दिली होती. पुढचं मी विचारलं नाही. सुनेने सांगायला सुरुवात केली तर मीच तिला थांबवलं. जेवढं मला माहीत नाही, तेवढं माझ्याकडून कुणी काढून घेणार नाही.

सतरा नंबरची किल्ली मी साबणाने धुतली, आणि पुढच्या महिन्यात पेटी दुसऱ्याला दिली. कपाट रिकामं ठेवून कुणाचं भलं होत नाही. धंदा आणखी काही वर्षं चालला. पुढच्या संक्रांतीला सून वाण म्हणून प्लास्टिकचे डबे घेऊन आली. एक बाई तोंडावर म्हणाली, "हे काय हो, यावर नावसुद्धा नाही!"

"नाही घातलं," सून म्हणाली, आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला.